वैद्यकाची पदवी की दंतवैद्यकाची? : एका शैक्षणिक विभागणीचा इतिहास

डोळा, कान, हृदय, त्वचा यांपैकी कोणत्याही अवयवाच्या विकारांवर उपचार करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याला प्रथम संपूर्ण शरीराचे वैद्यक शिकावे लागते. त्या अवयवाचे विशेष ज्ञान तो मागाहून संपादन करतो. दात मात्र या नियमाला अपवाद आहेत. भारतात, ब्रिटनमध्ये, अमेरिकेत आणि आज युरोपच्या बहुतेक भागांत दातांवर उपचार करू इच्छिणारा विद्यार्थी आरंभापासूनच निराळ्या महाविद्यालयात जातो, निराळी पदवी घेतो आणि निराळ्या नोंदवहीत आपले नाव दाखल करतो. शरीराचा एवढा लहानसा भाग वैद्यकाच्या सर्वसाधारण पदवीबाहेर का राहिला, हा प्रश्न वरवर पाहता किरकोळ वाटतो. परंतु दरवर्षी हजारो विद्यार्थ्यांना आणि त्यांच्या कुटुंबांना या दोन पदव्यांमधून एकीची निवड करावी लागते आणि त्या निवडीवर त्यांच्या उभ्या आयुष्याचा मार्ग ठरतो. म्हणून ही विभागणी कोणी, केव्हा व कशासाठी केली याचा शोध घेणे केवळ कुतूहलाचा विषय राहत नाही.

या प्रश्नाची दोन उत्तरे सामान्यतः दिली जातात. पहिले असे की, दंतवैद्यक ही मूलतः हस्तकौशल्याची विद्या असल्यामुळे तिचे शिक्षण निराळे असणे स्वाभाविकच आहे. दुसरे असे की, वैद्यांनी दंतवैद्यांना हीन लेखून आपल्या दारातून परत पाठविले आणि त्यामुळे त्यांना आपले घर वेगळे मांडावे लागले. ही दोन्ही उत्तरे अपुरी आहेत असे दाखविण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात करावयाचा आहे. बाल्टिमोर, लंडन, इटली आणि भारत या चार ठिकाणचा इतिहास शेजारी शेजारी ठेवून पाहिला म्हणजे असे आढळते की, या विभागणीचा निर्णय निरनिराळ्या देशांत निरनिराळा झाला, काही देशांत तो एकाहून अधिक वेळा फिरविला गेला आणि प्रत्येक निर्णयाची किंमत कोणत्या तरी विशिष्ट वर्गाला मोजावी लागली.

(१) पूर्वपीठिका

प्राचीन भारतीय वैद्यकात ही विभागणी नव्हती. सुश्रुतसंहितेत मुखरोगांची संख्या पासष्ट सांगितली असून ओठ, हिरड्या, दात, जीभ, टाळू, कंठ व सर्व मुख अशा सात स्थानांनुसार त्यांचे वर्गीकरण केले आहे. या रोगांची चिकित्सा शालाक्यतंत्रात, म्हणजे मानेच्या वरील अवयवांच्या चिकित्सेत, मोडत असे. दात आणि डोळा हे या व्यवस्थेत एकाच तंत्राचे विषय होते. दाताला वेगळे काढण्याचे कारण तिला जाणवले नव्हते.

युरोपात मात्र विद्यापीठात ग्रंथ वाचून झालेला वैद्य आणि हाताने काम करणारा शल्यकार यांच्यातच मध्ययुगापासून मोठी दरी होती. शल्यकार न्हाव्यांच्या संघात बसत आणि दात उपटणारा हा त्या उतरंडीतील अगदी खालच्या पायरीवर असे. त्याचे काम पुष्कळदा जत्रेत किंवा बाजारात चाले. फ्रान्समध्ये १६९९ च्या राजाज्ञेने ‘दातांचे तज्ज्ञ’ असा एक वर्ग मान्य करण्यात आला. या वर्गातील व्यक्तीस शल्यकारांच्या संघापुढे परीक्षा द्यावी लागे. उत्तीर्ण झाल्यावर तिला दातांपुरताच व्यवसाय करण्याची मुभा मिळे. या व्यवस्थेत मान्यता व मर्यादा एकाच वेळी पदरात पडत, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. पिएर फोशार याचा ‘दंतशल्यकार’ हा दोन खंडांचा ग्रंथ १७२८ मध्ये पॅरिस येथे प्रसिद्ध झाला. आधुनिक दंतवैद्यकाचा आरंभ सामान्यतः त्यापासून मानला जातो. परीक्षक मंडळात दातांचे काम जाणणारा एखादा अनुभवी माणूस असावा, अशी अपेक्षा फोशारने त्यात व्यक्त केली आहे. ज्याला विद्या येते त्याने परीक्षा द्यावयाची आणि ज्याला ती येत नाही त्याने ती घ्यावयाची, ही विसंगती त्याला खटकली होती. पुढील दोनशे वर्षांचा वाद बीजरूपाने या तक्रारीत सामावलेला आहे.

(२) बाल्टिमोर, १८४०

जगातील पहिले दंतमहाविद्यालय म्हणून ज्याचा उल्लेख होतो ते बाल्टिमोर कॉलेज ऑफ डेंटल सर्जरी मेरीलँड राज्याच्या विधिमंडळाच्या सनदेने १ फेब्रुवारी १८४० रोजी स्थापन झाले. होरेस हेडन व चेपिन हॅरिस हे त्याचे संस्थापक. हेडन हा दंतवैद्य तर होताच, शिवाय भूगर्भशास्त्राचाही व्यासंगी होता. हॅरिसने ओहायोमध्ये आपल्या वडील भावाजवळ वैद्यकाचे धडे घेतले होते व काही काळ वैद्यकीचा व्यवसायही केला होता; दंतवैद्यकाकडे तो त्यानंतर वळला. त्याच वर्षाच्या नोव्हेंबरात अवघ्या पाच विद्यार्थ्यांनिशी अध्यापन सुरू झाले आणि १८४१ मध्ये दोघांना ‘डॉक्टर ऑफ डेंटल सर्जरी’ ही नवी पदवी मिळाली. त्यापूर्वी जगात कोठेही ही पदवी नव्हती.

या स्थापनेविषयी एक कथा दंतवैद्यकाच्या इतिहासांतून वारंवार सांगितली जाते. तिचा आशय असा की, हेडन व हॅरिस यांनी प्रथम मेरीलँड विद्यापीठाच्या वैद्यकीय अध्यापकवर्गाकडे जाऊन तेथे दंतवैद्यकाचे अध्यापन सुरू करण्याची विनंती केली. हा विषय फारशा महत्त्वाचा नाही असे सांगून त्यांना नकार देण्यात आला. आणि त्या अवमानातून स्वतंत्र महाविद्यालय जन्मास आले. ही कथा आकर्षक आहे यात शंका नाही. मात्र तिला आधार म्हणता येईल असा समकालीन लेखी पुरावा आजवर पुढे आलेला नाही. ती आढळते ती पुढील काळातील भाषणांत आणि स्मरणपर लेखनात. हेडनने त्या विद्यापीठातील वैद्यकाच्या विद्यार्थ्यांपुढे दातांच्या विषयावर व्याख्याने दिली होती हे मात्र नमूद आहे. जेथे व्याख्याने देण्यास वाव होता तेथे संपूर्ण तिरस्कारच होता, असे मानणे कठीण आहे.

त्या वर्षांतील विद्यापीठाची स्थितीही येथे लक्षात घेतली पाहिजे. मेरीलँड विद्यापीठाची सत्ता १८२६ मध्ये राज्य सरकारने नेमलेल्या विश्वस्तांकडे गेली होती. जुन्या नियामकांनी ती परत मिळविण्यासाठी न्यायालयात दाद मागितली. १८३७ च्या सुमारास वैद्यकाचा अध्यापकवर्गच दुभंगला. १८३८ मध्ये निकाल नियामकांच्या बाजूने लागला आणि १८३९ मध्ये त्यांच्या हाती विद्यापीठ पुन्हा आले. नवा विषय स्वीकारावयाचा की नाकारावयाचा याचा शांतपणे विचार करू शकेल अशी स्थिर संस्थाच त्या काळात तेथे नव्हती.

याहूनही महत्त्वाचे कारण आर्थिक स्वरूपाचे होते. त्या काळी अमेरिकेतील वैद्यकाची पदवी साधारणतः दोन व्याख्यानसत्रांनी मिळत असे. सत्र काही महिन्यांचे असे आणि दुसऱ्या सत्रात बहुधा पहिल्याचीच पुनरावृत्ती होई. विद्यार्थ्यांचे शुल्क थेट अध्यापकांच्या हाती पडे. अशा परिस्थितीत नवे महाविद्यालय उघडण्यास विधिमंडळाची सनद, चार अध्यापक व एखादे सभागृह एवढे साहित्य पुरेसे होते. बाल्टिमोरच्या महाविद्यालयातही आरंभी चारच अध्यापक होते आणि त्यांत शरीररचना व विकृतिशास्त्र शिकविणारे वैद्य होते. तेव्हा वैद्यकाशी संबंध तोडून टाकणे हा संस्थापकांचा हेतू होता असे दिसत नाही. वैद्यकाचा पाया कायम ठेवून वर आपली स्वतंत्र इमारत उभारावी आणि तिचे दार कोणासाठी उघडावयाचे हे आपण स्वतः ठरवावे, असा त्यांचा विचार असावा. नकाराची कथा पुढे रूढ झाली याचे कारणही कदाचित येथेच सापडते. वेगळे निघणाऱ्याला ‘आम्ही निघालो’ यापेक्षा ‘आम्हांला काढले’ हे सांगणे नेहमीच सोयीचे असते.

वेगळ्या पदवीचा लाभ स्पष्ट होता. परीक्षक आता त्या विद्येचा जाणकार होता. फोशारची तक्रार दूर झाली. मात्र तिची किंमतही लवकरच दिसू लागली. ज्या सोयीने पहिले महाविद्यालय निघाले त्याच सोयीने पुढे नफ्यासाठी चालविलेली कितीतरी महाविद्यालये निघाली आणि पदवीचा दर्जा निरनिराळ्या गावी निरनिराळा राहिला.

(३) प्रतिष्ठेचा प्रश्न

पदवी निराळी झाल्याने प्रतिष्ठा आपोआप समान झाली नाही. याचे उत्तम उदाहरण विल्यम मॉर्टन याच्या चरित्रात मिळते. मॉर्टन हा बोस्टनमधील दंतवैद्य होता. त्याच्या नियोजित वधूच्या आईवडिलांना दंतवैद्याचा व्यवसाय पसंत नव्हता आणि आपण वैद्यकाचे शिक्षण घेऊ असे आश्वासन दिल्यावरच त्यांनी विवाहास संमती दिली, असे त्याचे चरित्रकार सांगतात. त्याप्रमाणे १८४४ मध्ये तो हार्वर्डच्या वैद्यकीय महाविद्यालयात दाखल झाला, पण तेथील शिक्षण त्याने पुरे केले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस हार्टफर्ड येथील दंतवैद्य होरेस वेल्स याने नायट्रस ऑक्साइड वायूच्या साह्याने वेदनारहित दंतोत्पाटनाचा प्रयोग केला होता. पण पुढच्या जानेवारीत बोस्टन येथे केलेले त्याचे प्रात्यक्षिक फसले. १६ ऑक्टोबर १८४६ रोजी मॅसॅच्युसेट्स जनरल हॉस्पिटलमध्ये मॉर्टनने रुग्णाला ईथर हुंगविले आणि जॉन कॉलिन्स वॉरन या शल्यवैद्याने त्याच्या मानेवरील गाठीवर शस्त्रक्रिया केली. शल्यवैद्यकाचे स्वरूप त्या दिवसापासून पालटले.

या घटनेतील विरोधाभास उघड आहे. ज्या व्यवसायाला सासरघरी कमी लेखले जात होते त्याच व्यवसायातून वैद्यकाला त्याची सर्वांत मोठी देणगी मिळाली. आणि ते आकस्मिक नव्हते. शल्यवैद्याकडे रुग्ण नाइलाजानेच जाई. वेदना असह्य आहे म्हणून तो परत फिरण्याचा प्रश्नच नसे. दंतवैद्याचा रुग्ण मात्र वेदनेच्या भयाने उंबरठ्यावरूनच माघारी जाऊ शके. वेदना दूर करण्याची निकड त्यामुळे दंतवैद्याला अधिक तीव्रतेने भासली. विद्यांच्या सीमेवर राहणाऱ्या माणसाला कधी कधी मध्यभागी बसलेल्याहून अधिक दिसते ते असे.

हार्वर्ड विद्यापीठाने १८६७ मध्ये आपले दंतमहाविद्यालय काढले. विद्यापीठाच्या छत्राखाली निघालेले अमेरिकेतील हे पहिले दंतमहाविद्यालय. त्याने बाल्टिमोरची पदवी न स्वीकारता ‘दंतवैद्यकाचा डॉक्टर’ या अर्थाचे लॅटिन नाव पत्करले. वैद्यकाच्या पदवीचे जुने लॅटिन नाव तसेच ठेवून त्यामागे दंतवाचक विशेषण जोडल्याने ते तयार झाले होते. दोन्ही पदव्यांचे अधिकार एकच असले तरी हा नामभेद अमेरिकेत आजही टिकून आहे. बाल्टिमोरच्या नावात शल्यकर्म होते, हार्वर्डच्या नावात वैद्यक होते. आपण कोणाचे नातेवाईक आहोत याविषयीचा संभ्रम या दोन नावांत कायमचा कोरला गेला आहे.

(४) लंडन : शल्यवैद्यांच्या छताखाली

इंग्लंडमध्ये हाच प्रश्न १८५५ नंतर ऐरणीवर आला आणि तेथे दंतवैद्यांमध्येच दोन तट पडले. जॉन टोम्स व त्याच्या सहकाऱ्यांनी रॉयल कॉलेज ऑफ सर्जन्स या संस्थेकडे अर्ज करून दंतवैद्यांसाठी तिनेच परीक्षा घ्यावी अशी मागणी केली. दुसऱ्या पक्षाला शल्यवैद्यांचे पालकत्व मान्य नव्हते. त्याने १८५६ मध्ये कॉलेज ऑफ डेंटिस्ट्स ऑफ इंग्लंड ही स्वतंत्र संस्था काढली. पहिल्या पक्षाची भूमिका अशी की, प्रतिष्ठित घराण्यात धाकटे भावंड म्हणून राहणे पत्करले. दुसऱ्याची अशी की, लहान का होईना, पण आपले घर स्वतःचे असावे.

जय पहिल्या पक्षाचा झाला. १८५८ च्या वैद्यकीय अधिनियमात तशी तरतूद करण्यात आली, पुढील वर्षी सनद मिळाली आणि १८६० मध्ये दंतशल्यवैद्यकाच्या परवानापत्राची पहिली परीक्षा झाली. दरम्यान १८५८ मध्ये सोहो चौकात लंडनचे दंतरुग्णालय उघडले होते. १८६३ मध्ये दोन्ही पक्ष एक झाले. हे परवानापत्र म्हणजे वैद्यकाची पदवी नव्हती. पण ते शल्यवैद्यांच्या संस्थेचे होते. बाल्टिमोर येथे मिळाले ते स्वातंत्र्य. लंडनमध्ये मिळाली ती प्रतिष्ठेची सावली.

तथापि परीक्षा अस्तित्वात आली एवढ्याने ती देण्याची सक्ती झाली नाही. १८७८ च्या दंतवैद्य अधिनियमाने नोंदवही सुरू केली आणि ती जनरल मेडिकल कौन्सिलच्या स्वाधीन केली. आधीपासून व्यवसाय करणाऱ्यांना परीक्षेवाचून नोंदणी देणे भाग होते. परिणामी पहिल्या नोंदवहीतील पाच हजारांहून अधिक नावांपैकी परवानापत्रधारकांची संख्या सुमारे दहाव्या हिश्श्याइतकीच भरली. शिवाय या अधिनियमाने संरक्षण दिले ते ‘दंतवैद्य’ या नावाला. प्रत्यक्ष कामाला नव्हे. तो शब्द पाटीवर न लिहिता कोणीही दात काढू शकत असे. ही पळवाट १९२१ च्या अधिनियमाने बंद केली. पण तेव्हाही जुन्या व्यावसायिकांना नोंदवहीत सामावून घ्यावेच लागले. दंतवैद्यांचे स्वतःचे नियामक मंडळ, जनरल डेंटल कौन्सिल, अस्तित्वात यावयास १९५६ साल उजाडले. शल्यवैद्यांच्या छताखालून बाहेर पडण्यास, म्हणजे पराभूत पक्षाचे म्हणणे अंशतः खरे होण्यास, शंभर वर्षे लागली.

(५) इटली : एकाच पदवीचा प्रयोग

आतापर्यंतच्या दोन उदाहरणांत पदवी किंवा परवाना वेगळा झाला. याच्या उलट मार्ग इटलीने धरला. १८९० मध्ये तेथे असे ठरले की, दंतवैद्यकाचा व्यवसाय करावयाचा तर वैद्यक व शल्यवैद्यक यांची पदवी असलीच पाहिजे. १९१२ च्या कायद्याने याच तत्त्वाला दृढता आणली. तत्त्वतः ही व्यवस्था सर्वांत उदात्त होय : दात हा शरीराचा भाग आहे, म्हणून दातांचा वैद्य हा आधी वैद्य असावा. ऑस्ट्रियातही विसाव्या शतकाच्या अखेरपर्यंत प्रथम वैद्यकाची पदवी व नंतर दंतवैद्यकाचे विशेष शिक्षण असाच क्रम होता. स्पेनची कथा अधिक बोधप्रद आहे. तेथे १९०१ मध्ये दंतवैद्यकाची वेगळी पदवी निर्माण झाली, १९४८ मध्ये ती बंद होऊन वैद्यकाच्या पदवीनंतरचे विशेष शिक्षण आले आणि १९८६ मध्ये वेगळी पदवी पुन्हा स्थापित झाली. दातांचे स्वरूप या पंचाऐंशी वर्षांत बदललेले नव्हते.

प्रत्यक्षात इटलीच्या व्यवस्थेत एक मोठी उणीव राहिली. वैद्यकाच्या दीर्घ अभ्यासक्रमात दातांच्या शिक्षणाला जागा फार थोडी होती. कायद्याने अधिकार मिळालेल्या वैद्याच्या हाती कौशल्य कमी आणि कृत्रिम दात करणाऱ्या कारागिराच्या हाती कौशल्य असून अधिकार नाही, अशी अवस्था झाली. बेकायदा दंतोपचार हा तेथील दीर्घकाळचा दुखणाईत प्रश्न होऊन बसला. उच्च तत्त्वाची किंमत मोजली ती ज्या रुग्णांना वैद्याकडे जाणे परवडत नव्हते त्यांनी.

हा प्रयोग संपला तो शास्त्रीय कारणाने नव्हे. युरोपीय समुदायाने जुलै १९७८ मध्ये दंतवैद्यांविषयी दोन निर्देश काढले. कोणत्याही सदस्य राष्ट्रातील दंतवैद्यास दुसऱ्या राष्ट्रात व्यवसाय करता यावा, यासाठी सर्वत्र दंतवैद्यकाचे स्वतंत्र शिक्षण व स्वतंत्र व्यवसाय असणे त्यांनी आवश्यक ठरविले. त्यानुसार इटलीने १९८० मध्ये दंतवैद्यकाचा स्वतंत्र पदवी अभ्यासक्रम सुरू केला आणि १९८५ च्या कायद्याने दंतवैद्याचा स्वतंत्र व्यवसाय निर्माण केला. २८ जानेवारी १९८० पूर्वी वैद्यकाच्या अभ्यासक्रमात दाखल झालेल्यांचा जुना हक्क शाबूत राहिला.

परंतु त्या तारखेनंतर दाखल झालेल्यांचे काय? १९८० ते १९८५ या काळात जे विद्यार्थी वैद्यकाकडे गेले त्यांपैकी कित्येकांची अपेक्षा, पूर्वीच्या पिढ्यांप्रमाणे आपल्यालाही दोन्ही वाटा मोकळ्या राहतील, अशी होती. त्यांच्या दबावामुळे १९८८ मध्ये एक कायदा करण्यात आला आणि अशा विद्यार्थ्यांना दंतवैद्यांच्या नोंदवहीत जाण्याचा विकल्प देण्यात आला. युरोपीय न्यायालयाने १ जून १९९५ रोजी हा कायदा निर्देशांशी विसंगत असल्याचा निर्णय दिला. वैद्यकाची पदवी की दंतवैद्यकाची, या निवडीचा इतका स्पष्ट ऐतिहासिक दाखला दुसरा मिळणे कठीण. या तरुणांनी प्रवेश घेतला तेव्हा आपण काही नाकारीत आहोत याची त्यांतील अनेकांना कल्पना नव्हती. त्यांनी न केलेली निवड कायद्याने त्यांच्या नावावर लिहिली.

(६) ऐक्याचे पुनर्विचार

विभागणी पक्की होत असतानाच शास्त्र मात्र ऐक्याच्या बाजूने पुरावा देत होते. विलोबी मिलर या अमेरिकी दंतवैद्याने बर्लिनमध्ये संशोधन करून १८९० मध्ये मुखातील सूक्ष्मजंतूंवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. दाताची कीड ही जंतूंनी निर्माण केलेल्या आम्लामुळे होते हे त्याने दाखविले. तसेच मुखातील जंतू इतर अवयवांच्या रोगांस कारण होऊ शकतात असेही प्रतिपादिले. १९१० मध्ये इंग्लिश वैद्य विल्यम हंटर याने मॉन्ट्रिऑल येथील व्याख्यानात दूषित दातांकडे झालेल्या दुर्लक्षावर घणाघाती टीका केली. त्यातून उद्भवलेल्या अतिरेकात पुढील दोन दशके असंख्य निरोगी दातांचाही बळी गेला. वैद्याला दातांचे आणि दंतवैद्याला शरीराचे पुरेसे ज्ञान नसले म्हणजे काय होते, याचा तो धडा होता. पहिल्या महायुद्धात सिडकप येथील रुग्णालयात शल्यवैद्य हॅरल्ड गिलीझ आणि दंतशल्यवैद्य विल्यम केल्सी फ्राय यांनी छिन्नविच्छिन्न चेहऱ्यांवर एकत्र काम केले. जबडा व दात एकाने आणि त्वचा व मांस दुसऱ्याने सांभाळावे, अशी त्यांची वाटणी होती. तेथे दोन्ही विद्यांना एकमेकींवाचून गत्यंतर नव्हते.

अमेरिकेत कार्नेगी प्रतिष्ठानासाठी विल्यम गीझ याने दंतशिक्षणाची पाहणी केली; तिचा अहवाल १९२६ मध्ये प्रसिद्ध झाला. नफ्यासाठी चाललेली महाविद्यालये बंद होऊन दंतशिक्षण विद्यापीठांत यावे, असा त्याचा आग्रह होता. पदवी मात्र त्याने वेगळीच ठेवली. दंतवैद्यक वैद्यकात विलीन न होता वैद्यकाच्या अन्य शाखांच्या तोडीचे व्हावे, असे त्याचे मत होते. १९४० मध्ये हार्वर्डने याच्याही पुढे जाऊन एकाच विद्यार्थ्याने दोन्ही पदव्या घ्याव्यात अशी योजना जाहीर केली. पण ती फार काळ चालली नाही आणि दंतवैद्यकाची स्वतंत्र पदवीच तेथे पुन्हा मुख्य झाली. आज ब्रिटनमध्ये मुख व जबडा यांच्या शल्यवैद्याला दोन्ही पदव्या घ्याव्या लागतात, तर भारतात त्याच कामासाठी दंतवैद्यकाची पदव्युत्तर पदवी पुरते. रुग्णाचा जबडा दोन्हीकडे सारखाच असतो.

(७) भारत

भारतात आधुनिक वैद्यकाचे शिक्षण दंतवैद्यकाच्या फार आधी आले. कलकत्त्याचे मेडिकल कॉलेज १८३५ चे व मुंबईचे ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ चे; परंतु दंतवैद्यकाच्या महाविद्यालयासाठी १९२० पर्यंत वाट पाहावी लागली. ते सरकारने काढलेले नव्हते. अमेरिकेतील आयोवा विद्यापीठातून पदवी घेऊन परतलेल्या डॉ. रफीउद्दीन अहमद यांनी ते कलकत्त्यात खाजगी रीतीने सुरू केले. १९४९ मध्ये त्यांनी ते राज्य सरकारच्या स्वाधीन केले. मुंबईत नायर रुग्णालयाच्या दंतमहाविद्यालयाचा आरंभ १९३३ चा आहे. तेव्हा भारतातील दंतशिक्षणाचे बी बाल्टिमोरच्या परंपरेतून आले आणि त्याला कायद्याचे कुंपण मात्र लंडनच्या पद्धतीचे पडले.

हे कुंपण म्हणजे १९४८ चा दंतवैद्य अधिनियम. या अधिनियमाने नोंदवहीचे दोन भाग केले. ‘अ’ भागात मान्य पदवी असलेले. ‘ब’ भागात पदवी नसलेले, पण किमान पाच वर्षे याच व्यवसायावर उपजीविका करीत आलेले. मुंबई-कलकत्त्यातील चिनी दंतकारांची घराणी, वडिलांकडून हस्तकौशल्य शिकलेले कारागीर आणि पेठांतून दवाखाने चालविणारे अनुभवी लोक यांचा प्रश्न इंग्लंडच्या १८७८ व १९२१ च्या धर्तीवरच सोडविण्यात आला. जुन्यांना सामावून घ्यावयाचे व नव्यांना दार बंद करावयाचे, हे त्याचे सूत्र. १९४९ मध्ये भारतीय दंतपरिषद स्थापन झाली. वैद्यकाची परिषद आधीच वेगळी होती. इटलीचा एकच पदवीचा मार्ग भारतात घेतला गेला नाही. पदवीधर दंतवैद्यांची तीव्र वाण असलेल्या देशाला तो परवडलाही नसता.

ही विभागणी आपल्याकडे पुढे अधिक दृढ झाली. २०१९ मध्ये वैद्यकासाठी व २०२३ मध्ये दंतवैद्यकासाठी संसदेने स्वतंत्र राष्ट्रीय आयोगांचे कायदे संमत केले. मात्र प्रवेशाचे दार २०१६ पासून एकच झाले आहे. एकाच राष्ट्रीय पात्रता परीक्षेच्या गुणानुक्रमावर दोन्ही अभ्यासक्रमांचे प्रवेश होतात. बाल्टिमोर येथे दंतवैद्यक स्वतंत्र घर मिळावे म्हणून निघाले होते. येथे त्याचे घर स्वतंत्र आहे, पण त्याकडे जाणारा रस्ता वैद्यकाच्या अंगणातून जातो. ज्याचे गुण वैद्यकाला अपुरे पडले तो पुष्कळदा दंतवैद्यकाकडे वळतो, अशी त्यामुळे समजूत होते. या क्रमाला ज्ञानाच्या स्वरूपाचा आधार नाही. दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्याला शरीररचना, शरीरक्रिया, औषधिशास्त्र, सामान्य वैद्यक व शल्यवैद्यक शिकावेच लागते. उलट वैद्यकाच्या अभ्यासक्रमात दातांना आजही अगदी थोडी जागा आहे. तीनशेहून अधिक दंतमहाविद्यालये असलेल्या देशात या असमतोलाचा विचार होणे अगत्याचे आहे.

(८) उपसंहार

वरील विवेचनावरून तीन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली ही की, दंतवैद्यकाची वेगळी पदवी दातांच्या स्वरूपातून अपरिहार्यपणे उद्भवली नाही; तसे असते तर स्पेनला ती एकदा देऊन, काढून घेऊन पुन्हा द्यावी लागली नसती. दुसरी ही की, वैद्यांच्या तिरस्कारातून ती जन्मली, ही कथा तिच्या मूळ स्थानीच पुराव्याअभावी लटकी पडते. सनद, शुल्क, परीक्षेचा अधिकार, नोंदवही आणि व्यवसायाची बाजारपेठ यांच्या संयोगातून प्रत्येक देशाने आपापला तोडगा काढला. तिसरी ही की, प्रत्येक तोडग्याची किंमत कोणी तरी मोजली. बाल्टिमोरच्या मार्गात पदवीच्या दर्जाची, लंडनच्या मार्गात स्वायत्ततेची आणि इटलीच्या मार्गात सामान्य रुग्णाच्या सोयीची.

प्रवेशाच्या वेळी विद्यार्थी जी निवड करतो ती व्यक्तिगत आहे असे त्याला वाटते. तिचा पट मात्र त्याच्या जन्मापूर्वी फार आधी मांडला गेलेला असतो. हे कळल्याने त्याची निवड सोपी होणार नाही. परंतु दोन पदव्यांतील अंतराला तो योग्यतेतील अंतर मानणार नाही, एवढे तरी घडावे. गुणपत्रिकेतील दोन ओळींत जे अंतर दिसते ते अभ्यासाने मोजलेले असते. त्या ओळी कोणत्या क्रमाने लावावयाच्या हे मात्र इतिहासाने ठरविलेले आहे. स्पेनमध्ये व इटलीत हा क्रम बदलला आहे, ऑस्ट्रियातही बदलला आहे. तो आपल्याकडे विचारार्थ पुढे येऊ नये असे कोणतेही कारण दिसत नाही.